दागिन्यांचा विमा झाला, वाटसरूचा राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की एक बातमी हमखास येते : अमुक मंडळाने इतक्या कोटींचा विमा उतरवला. आकडा मथळ्यात असतो, त्याची फोड आतल्या पानावर असते आणि ती फारसे कोणी वाचत नाही. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाचा २०२२ सालचा विमा ३१६.४० कोटी रुपयांचा होता. त्यातले २६३ कोटी हे कार्यकर्ते, पुजारी, आचारी, सुरक्षारक्षक अशांच्या वैयक्तिक अपघात विम्याचे होते आणि ३१.९७ कोटी सोन्याचांदीच्या दागिन्यांचे. भाविकांना, म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाला इजा झाली तर मंडळावर येणाऱ्या जबाबदारीसाठी, म्हणजे पब्लिक लायबिलिटीसाठी, २० कोटी वेगळे होते. त्या मंडळाने तिन्ही भाग घेतले होते, हे महत्त्वाचे. गल्लीतली मंडळे त्यांचे अनुकरण करतात तेव्हा पहिले दोन भाग घेतात. मुकुटाचा विमा होतो, कार्यकर्त्यांचाही होतो, आणि कमानीखालून जाणारी व्यक्ती कोणत्याच कागदावर नसते.

हे पत्र त्या तिसऱ्या भागाबद्दल आहे. गणेश मंडळांचे उदाहरण घेतले, कारण महाराष्ट्रात वर्गणीवर चालणारा सर्वात मोठा सार्वजनिक कार्यक्रम तोच. पण नवरात्र, दहीहंडी, रक्तदान शिबिर, मदतनिधीसाठीची दौड, शाळेचा आनंदमेळा यांनाही पुढचे जवळजवळ सगळे लागू आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५० हजार गोविंदांचा विमा माणशी ७५ रुपये हप्ता भरून उतरवला. मृत्यू झाल्यास १० लाख रुपये. चांगली योजना आहे, पण तो वैयक्तिक अपघात विमा आहे. थरावरून पडलेल्या गोविंदाला त्यातून ठरलेली रक्कम मिळते, चूक कोणाचीही असो. तोच गोविंदा खाली उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर पडला आणि तिचा मणका मोडला, तर या विम्यातून तिला एक रुपयाही मिळत नाही. तिने आयोजकांवर दावा लावला तर त्यांचे पैसे आणि वकील देणारा विमा म्हणजे पब्लिक लायबिलिटी. त्यात रक्कम आधी ठरलेली नसते. आयोजक कायद्याने जितके देणे लागतात तितके विमा कंपनी देते, अर्थात पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत.

दुसरा गोंधळ नावाचा. ‘सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१’ असा एक कायदा आहे आणि त्याच्या नावाची पॉलिसीही मिळते. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर धोकादायक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी तो आला. मंडळाला त्याचा उपयोग नाही. मंडळाला हवी ती औद्योगिकेतर जोखमीची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी. सभागृहे, नाट्यगृहे, मांडव, प्रदर्शने आणि जत्रा या गटात मोडतात. एजंटाने भलतीच पॉलिसी दिली तर तिचा पत्ता दावा आल्यावरच लागतो, म्हणून शेड्यूलच्या, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानाच्या, पहिल्या ओळीत पॉलिसीचे नाव वाचून घ्यावे.

‘आपल्या मांडवात काही झाले तर ठेकेदार बघेल’ हे वाक्य प्रत्येक मंडळाच्या बैठकीत ऐकू येते. मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १० एप्रिल २००६ रोजी ग्राहक प्रदर्शनाच्या मांडवाला आग लागली आणि ६५ माणसे गेली. काम ठेकेदाराला दिले होते, हा आयोजकांचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला नाही. नुकसानभरपाईची जबाबदारी आयोजक ६० टक्के आणि राज्य सरकार ४० टक्के अशी वाटून दिली. भरपाईचे मोजमाप मोटार अपघाताच्या दाव्यांच्या तत्त्वावर करायला सांगितले. त्याआधी हरियाणातल्या डबवालीत, डिसेंबर १९९५ मध्ये, शाळेच्या वार्षिक समारंभाच्या शामियान्याला आग लागून चारशेहून अधिक जीव गेले होते. तिथेही भरपाईचा मोठा वाटा शाळा चालवणाऱ्या संस्थेवर आला. तेव्हा ‘आम्ही धर्मादाय काम करतो, नफा कमवत नाही’ हा युक्तिवाद भावनेला पटला तरी दाव्यात चालत नाही.

मंडळ नोंदणीकृत नसेल तर परिस्थिती आणखी अवघड होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली उत्सवापुरती वर्गणी गोळा करण्याची परवानगी अशा मंडळांना मिळते. पण त्या परवानगीने मंडळ ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी ‘व्यक्ती’ होत नाही. दावा लागतो तो अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या नावाने, आणि हुकूमनामा झाला तर प्रश्न त्यांच्या फ्लॅटचा आणि बँक खात्याचा असतो. म्हणून पॉलिसीवर विमेदार म्हणून मंडळाचे नाव आणि सोबत ‘व त्याचे पदाधिकारी, कार्यकारिणी सदस्य’ असे लिहून घ्यावे. पालिकेच्या परवानगीवर, पोलिसांच्या परवान्यावर आणि पॉलिसीवर नाव अक्षरशः एकच असावे. परवानगी ‘मित्र मंडळा’च्या नावाने आणि पॉलिसी ‘प्रतिष्ठान’च्या नावाने, हा प्रकार नेहमीचा आहे. दोन्हींचे पदाधिकारी एकच असले तरी विमा कंपनीच्या दृष्टीने त्या दोन संस्था असतात.

किती रकमेचा विमा घ्यावा? बहुतेक मंडळे पाच किंवा दहा लाख म्हणतात, कारण हप्ता कमी बसतो. मोटार अपघात न्यायाधिकरणे वापरतात तोच हिशेब इथे करून पाहू. मृत व्यक्तीचे वय ३०, स्वतःचा लहानसा व्यवसाय, महिन्याला २० हजार रुपये उत्पन्न, घरात चार जण अवलंबून. वार्षिक उत्पन्न २ लाख ४० हजार. चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीच्या भावी उत्पन्नवाढीसाठी त्यात ४० टक्के मिळवायचे : ३ लाख ३६ हजार. स्वतःवरच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा : २ लाख ५२ हजार. २६ ते ३० वयोगटाचा गुणक १७. झाले ४२ लाख ८४ हजार, आणि वर अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरे ठरावीक रकमा. हे एका सामान्य कमाईच्या माणसाचे गणित आहे. आयटीतला तरुण असेल तर आकडा कोटीच्या पुढे जातो. कमान कोसळली तर एकच माणूस सापडतो असेही नाही. त्यामुळे छोट्या गल्लीतल्या मंडळानेही एका अपघातासाठी एक कोटीच्या खाली जाऊ नये, असे आमचे मत आहे. रकमेच्या प्रमाणात हप्ता वाढतो खरा, पण दुप्पट रकमेला दुप्पट हप्ता असे सहसा नसते. दोन-तीन कंपन्यांकडून पाच, पन्नास लाख आणि एक कोटी असे तिन्ही दर मागून पाहावेत.

इथे शेड्यूलवरचे दोन आकडे समजून घ्यायला हवेत. एक असतो एका अपघाताची मर्यादा, दुसरा पूर्ण मुदतीची मर्यादा. त्यांचे प्रमाण १:१ पासून १:४ पर्यंत निवडता येते. ‘एक कोटीची पॉलिसी’ असे तोंडी सांगितले जाते आणि कागदावर मुदतीची मर्यादा एक कोटी, एका अपघाताची पंचवीस लाख असते. वाचायचा तो एका अपघाताचा आकडा. बहुतेक पॉलिसींमध्ये वकिलाचा खर्चही याच मर्यादेतून जातो. शिवाय प्रत्येक दाव्यात सुरुवातीचा काही भाग, ज्याला एक्सेस म्हणतात, मंडळाने स्वतः भरायचा असतो. तो किती आहे हे पाहून तेवढी रक्कम खात्यात बाजूला ठेवावी.

आता ज्या फटींमधून दावे निसटतात त्यांबद्दल. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण पॉलिसी असूनही पैसे न मिळणे हा प्रकार याच ठिकाणी होतो.

पहिली फट हमीपत्राची. पालिका, पोलीस, मैदानाचा मालक, शाळा, सगळेच मंडळाकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात : कोणत्याही कारणाने काहीही नुकसान झाल्यास संपूर्ण जबाबदारी मंडळाची राहील. मंडळ सही करून मोकळे होते. पण कायद्याने मुळात जी जबाबदारी येत नव्हती आणि केवळ करारामुळे अंगावर घेतली, ती या विम्यातून वगळलेली असते. पालिकेच्या झाडाची फांदी मांडवाबाहेर पडून कोणी जखमी झाले आणि हमीपत्रामुळे पालिकेने मंडळाकडे बोट दाखवले, तर विमा कंपनी हात वर करील आणि ते नियमाला धरूनच असेल. उपाय असा की हमीपत्रात ‘मंडळाच्या वा त्याच्या कार्यकर्त्यांच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द घालून मागावेत. ते शक्य नसेल तर हमीपत्राची प्रत विमा कंपनीला देऊन त्याची नोंद पॉलिसीत करून घ्यावी. याच्या उलट चूक ठेकेदाराच्या बाबतीत होते. ‘तुमची काही जबाबदारी नाही’ असे पत्र मंडळ ठेकेदाराला देऊन बसते. विमा कंपनीला दावा चुकता केल्यावर दोषी ठेकेदाराकडून वसुली करण्याचा हक्क असतो. तो मंडळानेच संपवला तर दाव्याला अडचण येते.

दुसरी फट वाहनांची. विसर्जन मिरवणुकीत ट्रॅक्टर-ट्रॉली, टेम्पो, जनरेटरची गाडी असते. मोटार विम्याखाली येणारी जबाबदारी या पॉलिसीतून वगळलेली असते, म्हणजे ट्रॉली कोणाच्या पायावरून गेली तर दावा ट्रॅक्टरच्या विम्यावर. आता तो ट्रॅक्टर शेतीकामासाठी नोंदलेला, ट्रॉलीवर तीस माणसे आणि दोन मजली सांगाडा, चालकाकडे योग्य परवाना नाही, असे असेल तर मोटार विमा कंपनीही अटी मोडल्याचे सांगते. दोन पॉलिसी असून मंडळ मध्येच उभे राहते. मिरवणुकीच्या आधी वाहनाची नोंदणी कशासाठी आहे, विमा चालू आहे का आणि चालकाचा परवाना त्या वर्गाचा आहे का, या तीन कागदांचे फोटो घेऊन ठेवायला पाच मिनिटे लागतात.

तिसरी महाप्रसादाची. अन्नातून झालेली विषबाधा मूळ पॉलिसीत बहुधा नसते. खाद्यपदार्थ आणि पेय यांचे वाढीव कलम जादा हप्ता भरून घ्यावे लागते. आणि अन्न सुरक्षा नियमांखाली धार्मिक वा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. केटररने अन्न पुरवले तर त्याचा स्वतःचा परवाना हवा. अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ६५ म्हणते की सदोष अन्नामुळे मृत्यू झाल्यास भरपाई किमान ५ लाख, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत. शंभर रुपये वाचवून नोंदणी न केलेल्या मंडळाने पुढे विमा कंपनीशी वाद घालायला फार जागा ठेवलेली नसते. प्रसादाचे नमुने झाकून, तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये एखादा दिवस ठेवले तर विषबाधा आपल्याच अन्नातून झाली की नाही, हे निदान तपासता येते.

कार्यकर्ते स्वतः ‘त्रयस्थ’, म्हणजे ज्याच्या नुकसानीसाठी हा विमा असतो ती बाहेरची व्यक्ती, म्हणून धरले जातील याची खात्री नसते, आणि पगारी नोकर म्हणून तर ते नसतातच. त्यांच्यासाठी वैयक्तिक अपघात विमाच हवा, नावांच्या यादीसह. मांडव घालणारे मजूर ठेकेदाराचे. त्यांच्यासाठी ठेकेदाराकडे कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी आहे का, हे काम देण्याआधी विचारावे, नंतर नव्हे. रक्तदान शिबिरात सुई चुकीची टोचली गेली तर ती वैद्यकीय व्यावसायिक चूक. ती रक्तपेढीच्या विम्याची बाब आहे, म्हणून शिबिर परवानाधारक रक्तपेढीचेच असावे आणि तसे पत्र फाइलमध्ये असावे. पण रक्तदाता चक्कर येऊन मंडळाच्या डगमगत्या पायरीवरून पडला, तर ते मंडळाचे.

वादळवाऱ्याचे कलम वेगळे सांगायला हवे, कारण आपले उत्सव भर पावसाळ्यात असतात. वादळ, पूर, भूकंप, वीज कोसळणे यांतून उद्भवणारे दावे मूळ पॉलिसीत सहसा नसतात. जादा हप्त्याने ते मिळतात. घाटकोपरला मे २०२४ मध्ये फलक कोसळला तेव्हा वारा जोरात होता हे खरे, आणि फलक अवाढव्य होता हेही खरे. प्रत्येक मोठ्या कमानीच्या बाबतीत हाच वाद होणार : वाऱ्याने पडली की पाया कच्चा होता म्हणून? वाढीव कलम असेल तर निदान विमा कंपनीशी हा वाद घालावा लागत नाही. कमानीवर फ्लेक्स ताणून बांधला की तिचे शीड होते. फ्लेक्सला जागोजागी वारा जायला कापे ठेवणे आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून स्थैर्य प्रमाणपत्र घेणे, दोन्ही करावे. प्रमाणपत्र मागच्या वर्षीचे चालत नाही, कारण कमान मागच्या वर्षीची नसते.

सर्वात मोठी फट म्हणजे जाणूनबुजून नियम मोडणे. कायद्याच्या तरतुदी हेतुतः न पाळल्यामुळे झालेले नुकसान प्रत्येक पॉलिसीत वगळलेले आहे. नियम मोडण्यात प्राण जाण्याचा मोठा धोका असतो तो विजेचा. खांबावर आकडा टाकून घेतलेली वीज ही विद्युत कायद्यानुसार चोरी आहे. त्या विजेचा झटका बसून मूल गेले तर विमा कंपनीला नकार द्यायला दुसरे कारण शोधावे लागत नाही. तात्पुरती जोडणी मिळते, तीच घ्यावी. पण अधिकृत मीटर आहे म्हणून मांडव सुरक्षित होतो असेही नाही. बहुतेक मांडवांच्या बोर्डावर फक्त एमसीबी, म्हणजे भार जादा झाल्यावर वीज तोडणारा स्विच, असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या वर प्रवाह गेल्यावर पडतो. माणसाला मारायला त्याचा पाचशेवा हिस्साही पुरतो. माणसाला वाचवते ते ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारे उपकरण, आणि तेच डेकोरेटर काढून टाकतो किंवा बायपास करतो, कारण पावसात ओल्या जोडांमधून गळती झाली की ते वारंवार पडते आणि आरतीच्या वेळी अंधार होतो. यावर तोडगा आरसीसीबी काढण्याचा नाही, सर्किट तोडण्याचा आहे : मूर्ती, कमानीची रोषणाई, साउंड, स्टॉल अशा प्रत्येकाला वेगळे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी. मग गळती जिथे असेल तेवढाच भाग बंद होतो आणि दोष शोधायलाही सोपे जाते. बोर्डावरचे टेस्टचे बटण रोज संध्याकाळी दाबावे. लोखंडी ट्रस, बॅरिकेड आणि जनरेटरच्या बॉडीला अर्थिंग हवे. केबलचा जोड टेप गुंडाळून जमिनीवर टाकू नये. जोडपेटीत घालून उंचावर बांधावा. परवानाधारक वायरमनचे तारखेसह प्रमाणपत्र घ्यावे. दाव्याच्या वेळी निष्काळजीपणा नव्हता हे दाखवणारा तोच पहिला कागद असतो.

आगीबाबत भारतीय मानक ८७५८ हे खास तात्पुरत्या मांडवांसाठीच आहे. विजेच्या चालू तारांखाली मांडव नको, बाहेर पडायचे मार्ग मोकळे हवेत, कृत्रिम धाग्याचे कापड टाळावे, अशा त्यात सूचना आहेत. थर्माकोल आणि सॅटिनच्या देखाव्यामागे गॅसची शेगडी ठेवून प्रसादाचा शिरा करणाऱ्यांनी तेवढा एक कागद वाचावा.

तारखा आणि ठिकाण. पॉलिसी चतुर्थी ते अनंत चतुर्दशी अशी घेतली जाते. मांडव मात्र पंधरा-वीस दिवस आधी उभा राहू लागतो आणि विसर्जनानंतर आठवडाभर सुटा होत राहतो. बांबू पडून जखमी होण्याचे प्रसंग याच दोन काळांत जास्त. रस्त्यात खणलेले खड्डे न बुजवता पॉलिसी संपली आणि रात्री दुचाकीस्वार त्यात पडला, तर तो दावा मंडळाच्या खिशातला. पहिला वासा उभा करण्याच्या दिवसापासून रस्ता पूर्ववत होईपर्यंतची मुदत घ्यावी. ठिकाण म्हणून फक्त मांडवाचा पत्ता लिहिला असेल तर आगमन आणि विसर्जन मिरवणूक पॉलिसीच्या बाहेर राहते. मार्ग आणि विसर्जनस्थळ नावानिशी नोंदवून घ्यावे. हप्ता विमा कंपनीकडे भरेपर्यंत विमा सुरू होत नाही, हा विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीचा नियम आहे. वर्गणी जमेल तसा हप्ता भरू, असे इथे चालत नाही.

प्रपोजल फॉर्म एजंटाला कोरा सही करून देऊ नये. मूर्ती आणि देखाव्याची उंची, रोजची अंदाजे गर्दी, गर्दीचा कमाल तास, फटाके आहेत का, जनरेटर आणि डिझेल किती, प्रसाद शिजवला जातो का, मागच्या तीन वर्षांत काही अपघात झाला का, हे सगळे खरे लिहावे. गर्दी कमी लिहिली की हप्ता कमी होतो, पण मंडळाच्याच समाजमाध्यमावर ‘लाखोंची गर्दी’ असे लिहिलेले असते आणि तपासनीस ते वाचतो. फटाक्यांबद्दल विशेष सांगायचे तर ते लपवून ठेवण्यात काहीच फायदा नाही. काही कंपन्या ते वगळतात, काही अटींसह घेतात. वगळले असतील तर फटाके नकोत इतका साधा हिशेब आहे.

अपघात झालाच, तर पुढचे काही तास महत्त्वाचे. जखमीला दवाखान्यात पोहोचवणे आणि वीज तोडणे हे पहिले. मग जागा हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो, बोर्डाचा आतून फोटो, सीसीटीव्हीचे चित्रण वेगळे काढून ठेवणे, कारण बहुतेक यंत्रे काही दिवसांत जुन्यावर नवे लिहितात. साक्षीदारांची नावे आणि फोन नंबर. पोलीस पंचनाम्याची प्रत. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवणे, ईमेलने. एजंटाला फोन केला हे कळवणे नव्हे. माणुसकी म्हणून औषधांचा खर्च द्यायला हरकत नाही, पण ‘चूक आमची होती, सगळी भरपाई देऊ’ असे लिहून देणे किंवा परस्पर तडजोड करणे पॉलिसीच्या अटींविरुद्ध आहे. पावतीवर ‘मदत म्हणून’ एवढेच लिहावे.

किरकोळ वाटणारी घटनाही कळवावी, याला एक खास कारण आहे. या पॉलिसी बहुधा दावा ज्या मुदतीत आला त्या मुदतीशी बांधलेल्या असतात. मंडळाची पॉलिसी महिन्याची, आणि प्राणघातक अपघाताचा दावा दाखल करायला वारसांना कायद्याने दोन वर्षे. नोटीस आली तोवर पॉलिसी कधीच संपलेली असते. मुदतीत घटना लेखी कळवलेली असेल तर नंतर आलेला दावा त्याच मुदतीतला धरला जातो. काही पॉलिसींत मुदतीनंतर ९० दिवसांपर्यंत कळवण्याची सवलत असते. ती आहे का ते आधी पाहून ठेवावे आणि जुन्या पॉलिसी, परवानग्या, प्रमाणपत्रे किमान पाच वर्षे जपावीत. दरवर्षी कार्यकारिणी बदलते आणि फाइल जुन्या सचिवाच्या घरी माळ्यावर जाते, हेही आपण जाणतोच.

या सगळ्यावर एक आक्षेप रास्त आहे : छोट्या मंडळाला हे झेपत नाही. दोन लाख वर्गणीत मूर्ती, मांडव, साउंड आणि वर हा विमा. म्हणूनच प्रत्येक मंडळाने वेगवेगळी पॉलिसी घेण्याऐवजी प्रभागातल्या वीस-पंचवीस मंडळांनी, किंवा शहराच्या महासंघाने, एकत्र बोलणी करून प्रत्येक मंडळाला स्वतंत्र मर्यादा असलेली सामाईक व्यवस्था करावी. ‘स्वतंत्र मर्यादा’ हे शब्द कागदावर हवेत. नाहीतर पंचवीस मंडळांना मिळून एकच कोटी, आणि पहिल्या अपघातात ते संपले, असे होईल.

पालिका आणि पोलिसांकडे आमची मागणी मर्यादित आहे. परवानगीच्या ऑनलाइन अर्जात ‘विमा काढला आहे का’ असा रकाना ठेवून हो किंवा नाही विचारण्यात अर्थ नाही. दागिन्यांचा विमा काढलेले मंडळही ‘हो’च लिहिते. त्याऐवजी पब्लिक लायबिलिटीच्या शेड्यूलचे पान अपलोड करायला लावावे आणि त्यावरच्या चार गोष्टी तपासाव्यात : विमेदाराचे नाव, एका अपघाताची मर्यादा, मांडव घालण्यापासून काढण्यापर्यंतच्या तारखा, मिरवणुकीचा मार्ग. मांडवाच्या आकारानुसार किमान मर्यादा ठरवून द्यावी. त्याच वेळी हमीपत्राचा मसुदा बदलून मंडळाची जबाबदारी मंडळाच्या निष्काळजीपणापुरती ठेवावी, म्हणजे ती विम्यात बसेल. परवानगीची प्रक्रिया दीड-दोन महिने आधी सुरू होते, तेव्हा हा बदल याच वर्षीच्या अर्जात करता येण्यासारखा आहे.

आपले,
सर्वसाधारण विमा आणि दाव्यांच्या तपासणीच्या क्षेत्रात काम करणारे काही व्यावसायिक,
पुणे